जागा शिल्लक नाही

पट्टी लाल झाली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.
शंभरातले नव्याण्णव पूर्णांक आठ.
यापुढचं काही साठवता येणार नाही, पडदा म्हणाला,
सभ्यपणे,
घरमालक म्हणतो तसं.

समोर दाजी पेठेत लूम चालू होते.
त्यांना जागा लागत नाही.
सूत आत जातं, कापड बाहेर येतं,
टेम्पो अक्कलकोट रोडला लागतो, संपलं.
साठतं ते माझंच.

ढग म्हणतात त्याला.
सोलापुरात ढगावर विसंबायची रीत नाही,
पण दर महिन्याला पैसे कापले जात होते,
म्हणून मीही विसंबले.

उघडून बसले.
मोर तीन. मोर तीन नवा.
मोर तीन नवा शेठने पाहिलेला.
मोर फायनल. मोर फायनल डोळा दुरुस्त.
एकेका मोराच्या पोटात
त्याचे जुने एकेचाळीस मोर,
प्रत्येकाची मान सुताभर वेगळी.
खाली मस्कतच्या हॉटेलचे टॉवेल,
नावात एक अक्षर चुकलं म्हणून परत आलेले.
ते हॉटेलही आता बंद आहे म्हणे.

काढून टाकलं.
पट्टी लालच.
मग कळलं, काढलेलं आधी दुसऱ्या खोलीत जातं,
तिथंही जागा अडवून बसतं,
तिथं जाऊन पुन्हा सांगावं लागतं: कायमचं.
त्यावर ते विचारतं, खात्री आहे?
रात्री पाऊण वाजता
खात्री कुणाला असते.

नानांना कुणी विचारलं नव्हतं.
नाना जॅकार्डचे पत्ते पाडायचे.
आलेखावरचा चौकोन भरलेला तर भोक,
रिकामा तर कोरा पुठ्ठा.
एका चादरीला हजारभर पत्ते,
दोरीत ओवून माळ्यावर टांगलेले.
आम्ही त्यांच्याखाली झोपायचो.
पंखा लागला की नक्षी हलायची,
कुठली ते फक्त नानांना कळायचं.

इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं त्या आठवड्यात
इसाकभाई भंगारवाले काटा घेऊन आले.
दोनशे बारा किलो.
नानांनी दोनदा वजन करायला लावलं,
पैसे मोजले, अम्माला कुकर आणला,
आणि स्वतः शिडीवर चढून माळा झाडला.
कुकर अजून चालतो.

माझं वजन होत नाही.
एकसष्ट जीबी गेले,
हातात एक ओळ आली:
बदल दिसायला थोडा वेळ लागू शकतो.

सकाळी मल्लिनाथ शेठचा फोन.
"काय करलालीस गं लावण्या?
ती शेंदरी चादर, कोपऱ्यात पोपटवाली,
नांदेडचं गिऱ्हाईक तीच मागतंय.
तेवढी फाइल टाक की लगेच."

मी ढगात बघितलं.
निळं, मोकळं, लख्ख.
"टाकते," म्हणाले.

अम्माच्या खाटेवरची चादर ओढली.
ती तेलुगूत रागावली,
मी मराठीत काहीतरी सांगितलं,
दोघींनाही पटलं नाही.
जमिनीवर पसरली, भिंग लावलं,
इंचात उभे किती, आडवे किती,
बोटाने दाबून मोजत बसले.
शेंदरी धुऊन धुऊन विटेच्या रंगावर आलाय.
पोपटाच्या चोचीत
एक धागा चुकीचा उचललेला.
चूक माझीच.
दुरुस्त केलेली फाइल वेगळी होती,
लूमवर ही गेली.
नऊशे चादरी विकल्या गेल्या असतील,
कुणी काही बोललं नाही.

नांदेडला तीच हवी आहे.
नव्या पानावर चोचीपाशी येऊन थांबले आहे,
चौकोन भरू की सोडू.

अम्मा विचारते, झालं का मोजून,
पाठ टेकायचीय मला.
अर्धीच झाली, मी म्हणते.
ती उघड्या नवारीवर बसून राहते,
चादरीचं एक टोक
मुठीत धरून.